खच्चरांचा पोळा

आमच्या बळीराम मोठेबाबांचा आवाज काढायचा तर आधी नाक अर्धं बंद करावं लागतं. मग घशात तर्रीचा ठसका बसल्यासारखं करायचं, आणि वाक्य संपलं की "का नाही?" म्हणून समोरच्याकडे असं पाहायचं, की तो नाही म्हणाला तर त्याच्या पोह्यांवर कांदा पडणार नाही. मला हे सातवीपासून जमतं. आता अकरावीत आहे, त्यामुळे माल पक्का झालाय. आमच्या घरात माझ्या तावडीतून सुटलेलं एकच माणूस म्हणजे आत्याचं बाळ, आणि तेही अजून फक्त रडतं म्हणून.

बळीराम मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. फौजेतून निवृत्त झाले आणि मानेवाडा रोडवर तर्री-पोह्याचा ठेला टाकला. पोहे बरे असतात. वरची हरभऱ्याची तर्री मात्र अशी, की माणूस आधी रडतो आणि मग दुसरी प्लेट मागतो. फौजेत ते आचारी होते. कोणी विचारलं, "बळीरामभाऊ, कारगिलच्या लढाईत होते म्हणे तुमी?" की त्यांच्याआधी जयवंता मोठीआईच उत्तर देते, "होते नं! लाटण्यानं मारले दुश्मन याइनं."

मोठेबाबा हसतात. पण रविवारी गर्दी जमली, कोणी आग्रह केला, की मग ते गॅस बारीक करतात आणि गोष्ट सांगतात. ती एकच गोष्ट.

"आमचा लंगर पहाडाच्या खाली. लंगर म्हणजे फौजेचं रांधनघर बरं. तिथून खच्चरं वर जाये. जातानी रोट्या, गोळ्या, घासलेट. येतानी..." इथं ते झारा पोह्यात खुपसून थांबतात. "येतानी आपलेच पोरं. पाठीवर आडवे. का नाही?"

का नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही.

"खच्चरवाल्याइत एक आपल्या नरखेड तालुक्यातला होता. धर्मेंद्र रेवतकर. संत्र्याच्या वाडीतलं पोरगं. तिथं आपल्याकडचं कुत्रं भेटलं असतं तरी म्या त्याच्या गळ्यात पडलो असतो, हा तं मानूस होता. एक दिवस मले म्हनते..."

आता मोठेबाबा धर्मेंद्रचा आवाज काढतात. बारीक, घाईचा, शेवटाला वर चढणारा. म्हणजे मी धर्मेंद्र करते तेव्हा मोठेबाबांनी केलेला धर्मेंद्र करते. दुसऱ्या हातचा माल.

"'बळीरामभाऊ, उद्या पोळा करू.' म्या म्हनलं, 'भैताडा, पोळ्याले अजून टाइम हाये. अन् पोळा बैलाचा रायते, खच्चराचा नाही.' तं म्हनते, 'ओझं वाह्यते नं? मंग झालं. अन् पोळा येईन तवा येईन, आपन राहू का?'"

त्या पहाडात जूनमध्ये झुडपांना गुलाब येतात, लहान लहान, गुलाबी. एक झुडूप गोळ्यानं अर्धं जळलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला फुलं. धर्मेंद्रनं ती तोडली, टेलिफोनच्या तुटक्या तारेत ओवली आणि खच्चरांच्या कानामागं बांधली. लंगरातून हळद नेली, डालडा नेला. बैलाचे खांदे शेकतात, पण खच्चर ओझं पाठीवर नेतं, म्हणून यानं पाठी शेकल्या. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांना जेवायला बोलावतात, तसं प्रत्येक खच्चराच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग सुभेदाराचा प्रवेश. सुभेदार सोपा आहे, हनुवटी छातीला टेकवली की झाला. "अबे ओ! फूल बाँध के परेड निकाल रहा है? दुश्मन को न्योता दे रहा है क्या?" आणि धर्मेंद्र, "नहीं साब, न्योता तो खच्चर को दिया है."

ठेल्यावर हशा. मोठेबाबा हशा संपू देतात.

"मंग म्या पुरन शिजवलं. डाळ सरकारची, साखर सरकारची, पाहुनेबी सरकारचेच. पोळ्या करून वाट पाहत बसलो. थे पहाटेच वर गेले होते. वर गोळा पडला. धर्मेंद्र गेला. एक खच्चरी एकटीच उतरून आली. चांदी नाव होतं तिचं. कानामागं फूल तसंच. म्या तिले पुरनपोळी चारली. खाल्ली तिनं."

एवढं बोलून ते गॅस मोठा करतात.

धर्मेंद्रची आई, यमुताई, नरखेडकडच्या त्यांच्या गावात पुतण्याजवळ राहतात. त्यांच्याकडे लेकाची पेटी आली होती, पण ती उघडू दिली नव्हती. पुढे मोठेबाबा सुटीवर आले, ते आधी त्यांच्या दारात गेले, मग आपल्या घरी. तेव्हापासून दर पोळ्याला मोठेबाबा त्या गावाला जातात. बैल सजतात, त्यांना घास भरवला जातो, आणि यमुताई ओट्यावर बसून म्हणतात, "सांग गा." ते सांगतात. मी दोनदा गेलेय. त्यांना सगळी गोष्ट पाठ आहे. एकदा मोठेबाबा घाईत होते तर लगेच, "हळद सांगतली, डालडा राह्यला गा." म्हातारीजवळ लेकाचा फोटो होता, पदक होतं, पण लेक काय करत होता, कसा बोलत होता, हे फक्त त्या एका दिवसात होतं. आणि तो दिवस मोठेबाबांच्या तोंडात होता.

मग आले शरच्चंद्र सर.

सरांचा आवाज काढायला गालात लवंग धरावी लागते. राहायला धरमपेठेत, निवृत्त प्राध्यापक, नावावर कादंबऱ्या. त्यांची सून दातांची डॉक्टर आणि तिचा दवाखाना आमच्या चौकात, त्यामुळे त्या हिवाळ्यात सरांच्या दाढा आणि आमचा ठेला यांचा योग जुळला. ते पोहे मागायचे "तर्री वगळून". मानेवाडा रोडवर हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. मोठीआईनं तर विचारलं, "आजारी हाय का बापा?"

एका रविवारी त्यांनी गोष्ट ऐकली. प्लेट हातात तशीच राहिली.

"अप्रतिम," ते म्हणाले. "बळीरामजी, अप्रतिम! युद्धाच्या कराल दाढेत उमललेलं सौंदर्य!"

पुढचे दोन महिने ते येत राहिले. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड करायचे. "पुरण शिजत असताना आपल्या मनात नेमकं काय दाटून आलं होतं?"

"भूक, सर."

"वा!" आणि ते डोळे मिटायचे.

मोठेबाबांनी सगळं दिलं. फुलांचा रंग, तारेचा चटका, चांदी कशी उतरली ते. मी विचारलं, "मोठेबाबा, सगळंच काहून सांगून राहिले?" तर म्हणाले, "माह्या तोंडातलं माह्यासंग जाईन पोरी. छापलं म्हनजे राह्यते."

शेवटच्या दिवशी ते सरांना म्हणाले, "सर, एकच गोष्ट. नाव त्याचं पाह्यजे पुस्तकात. धर्मेंद्र. मावं नाव नसलं तं चालते."

सरांनी हात छातीवर ठेवला. "बळीरामजी, शब्द देतो. ते नाव पुस्तकात असेल."

ही पोज मी तेव्हाच उचलली. हात, लवंग, किंचित ओलावलेले डोळे. शाळेत फार चालली.

पुढल्या वर्षी पुस्तक आलं. 'गोठलेला सुगंध'. मुखपृष्ठावर बर्फ, गुलाब आणि खाली लाल अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित'. प्रकाशन सोहळ्याची पत्रिका ठेल्यावर आली तेव्हा मोठेबाबांनी ती तर्रीच्या भांड्यापासून लांब, गल्ल्याच्या वर टाचली. पुस्तक आधी बघू म्हटलं तर नाही म्हणाले. यमुताईंबरोबरच ऐकायचं होतं त्यांना. स्वतः एस.टी.नं जाऊन त्यांना घेऊन आले. यमुताईंनी कोरं लुगडं नेसलं होतं आणि एक पिशवी संत्री आणली होती, लेखकासाठी. "माह्या पोराले पुस्तकात बसवलं त्याइनं. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

सोहळ्याच्या दिवशी ठेला बंद. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. निवेदिका मधुवंती म्हणून कोणी होती. तिचा आवाज म्हणजे बासुंदीत बुडवलेला चमचा. "रणधुमाळीतही... ज्यांच्या लेखणीला... फुलं दिसली..."

यमुताई माझ्या कानाशी आल्या. "हे पोरगी रडून राह्यली का वं?"

"नाही आजी. ते तसंच बोलते."

मग सर उठले आणि वाचायला लागले.

"'कॅप्टन मिहीर त्या जळालेल्या झुडपापुढे थांबला. अर्धी फांदी काळी, अर्धी गुलाबी. जणू पहाडाने एका हाताने मृत्यू दिला होता आणि दुसऱ्या हाताने क्षमा मागितली होती...'"

यमुताई ताठ बसल्या. "हे तेच होय नं?"

"तेच, माय. आता येईन नाव," मोठेबाबा कुजबुजले.

"'त्याने फुले खुडली. तुटक्या तारेत ओवली. पुण्याच्या घरी आई देवाला वाहायची तशा हळुवार हातांनी त्याने ती आपल्या खेचराच्या कानामागे बांधली. "धर्मेंद्र," त्याने खेचराला हाक मारली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."'"

सभागृहात हसू उमटलं. रडण्याआधी लोक जे घेतात ते, गोड हसू.

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते अजून वाट पाहत होते. मला वाटतं, त्यांना वाटलं वाचताना सरांची चूक झाली, आता सुधारतील. सर पुढे गेले. पुस्तकात मोठेबाबाही होते, एक लठ्ठ आचारी, गोळ्याच्या आवाजानं ज्याच्या हातून डाळीचं पातेलं सांडतं. म्हणजे पुरणच नाही. गोळा पडला, कॅप्टन गेला, आणि धर्मेंद्र नावाचं खेचर कानामागचं फूल घेऊन एकटं डोंगर उतरलं. बर्फावर त्याच्या खुरांचा आवाज, बाकी काही नाही. सरांनी पुस्तक मिटलं. अख्खं सभागृह रडत होतं. मीही. आता सुंदर होतं ते, त्याला मी काय करू? इतकं सुंदर मोठेबाबांना कधी सांगता आलं नव्हतं.

यमुताईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बळीराम, खच्चराले माह्या पोराचं नाव काहून?"

मोठेबाबा उठले, त्यांचा हात धरला आणि सरळ मंचाकडे निघाले. सरांभोवती गर्दी होती, पुष्पगुच्छ, सही घेणारे, कुठल्याशा चॅनेलची एक मुलगी माइक घेऊन.

"सर, हे यमुताई. धर्मेंद्रची माय."

"अरे! आजी, धन्य झालो." सरांनी वाकून नमस्कार केला.

"सर, तुमी शब्द देल्ला होता."

"आणि पाळला, बळीरामजी! नाव पहिल्या प्रकरणापासून आहे. वाचकांना सगळ्यात जास्त कोण आवडतंय सांगू? धर्मेंद्र!"

"थे खच्चर हाये, सर."

सरांनी त्यांना थोडं बाजूला घेतलं. मी चिकटूनच होते. "हे पहा, वाचकाला पटावं लागतं. खेचरं हाकणाऱ्या माणसाच्या मनात असं काही येईल, हे नाही हो पटत. हे सगळं पेलायला तसं पात्र लागतं. कॅप्टन मी उभा केला. पण सौंदर्य तेच आहे ना? सौंदर्य काही कुणा एकाच्या मालकीचं नसतं."

"पोळा त्याचा होता, सर. सांगा इले. येवढं एक सांगा. कप्तान नोहता म्हना."

सर वळले. खरंच सांगायला वळले होते, असं मला वाटतं. पण तेवढ्यात माइकवाली पोरगी मध्ये घुसली. "सर, आमच्या प्रेक्षकांना सांगा, हे सगळं खरंच घडलंय?" आणि यमुताईंनी त्याच वेळी सरांची बाही धरली. "सांगा नं साहेब. खरं हाये का हे?"

सरांनी माइककडे पाहिलं. माइकवालीच्या काखेत पुस्तक होतं, लाल अक्षरं आमच्याकडे तोंड करून.

"हो आजी," ते म्हणाले. "अगदी खरं. शब्दन् शब्द."

"अन् थो कप्तान?"

सरांनी आवंढा गिळला. तो आवंढा मला अजून हुबेहूब काढता येतो. "होता, आजी. असा वीर होता खरा."

"सर!" मोठेबाबा एवढंच म्हणाले. तोवर सर माइककडे वळले होते आणि कराल दाढेत उमलायला लागले होते.

यमुताईंनी संत्र्यांची पिशवी पुष्पगुच्छांशेजारी ठेवली. "घ्या बापा. घरच्या वाडीचे हाये."

गणेशपेठच्या स्टँडवर नरखेडची गाडी लागलेली होती. कंडक्टर "काटोल-नरखेड, काटोल-नरखेड" असा ओरडत होता, तोही नाकातून, आणि एरवी मी तो तिथल्या तिथं उचलला असता. मोठेबाबांनी यमुताईंना खिडकीजवळ बसवलं आणि खाली येऊन खिडकीशी उभे राहिले.

"बळीराम," त्या म्हणाल्या, "रागावली नाही बरं मी."

"काहून रागवसान, माय?"

"म्हातारीच्या जिवाले आधार व्हावा म्हनून तू माह्या लेकाच्या नावानं सांगतलं. पुन्य लागन गा तुले. येवढे वर्स सुखात गेले माहे."

मोठेबाबांनी खिडकीचा गज धरला. "माय, थे पुस्तक खोटं हाये. पोळा तुह्या पोरानंच केला. माह्या हातानं हळद देल्ली म्या त्याले."

"छापेल हाये गा थे. येवढ्या लोकाइसमोर वाचलं. थो साहेब मावा कोन लागते? थो कायले खोटं बोलन? तू घरचा. घरचाच मानूस असं खोटं बोलते, मायेनं."

मोठेबाबा सुरुवातीपासून सांगायला लागले. लंगर, पहाड, जळालेलं झुडूप. स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, जोरात. त्यांचा आवाज फाटायला लागला, म्हणून मी मध्ये पडले. धर्मेंद्र मी केला. "बळीरामभाऊ, उद्या पोळा करू!" बारीक, घाईचा, शेवटाला वर चढणारा. जीव ओतून केला.

यमुताई हसल्या. "मस्त नकला करते पोरगी." मग जराशा थांबून म्हणाल्या, "पन माह्या पोराचा आवाज जाड होता वं."

"थंडीनं बसला होता, माय! तिथं सगळ्याइचे बसले होते!"

"हो गा, हो," त्या म्हणाल्या. लहान मुलाला म्हणतात तसं. गाडी हलली. मोठेबाबा डालड्यापर्यंत पोचले होते.

त्यानंतर पुस्तकाचं फार नाव झालं. ठेल्यावर नवीन लोक यायला लागले. "तो कॅप्टनचा किस्सा सांगा ना काका, तुम्ही तिथंच होते म्हणे?" मोठेबाबा म्हणायचे, "मले नाही माहीत. मी पोहे करतो." मोठीआईनंही लाटण्याची थट्टा बंद केली. सर पुन्हा आले नाहीत. दाढा बऱ्या झाल्या असतील.

मग यंदा पोळ्याच्या चार-सहा दिवस आधी यमुताईंचा फोन आला. मोठेबाबांचे हात पोह्यात, म्हणून मी स्पीकरवर लावला.

"बळीराम, यंदा कायले येतं गा येवढ्या लांब, उगाच. पन एक काम कर. त्या कप्तानाची माय पुन्याले राह्यते म्हने. तिचा पत्ता काढ. भेटून येतो म्हनतो."

"कायले, माय?"

"अरे, पोळा आला नं. तिच्या पोरानं येवढं केलं, तिले कोनी सांगतलं असन का नाही? पुन्याच्या बाईले पोळा काय समजन? मी सांगतो तिले समजावून. हळद, डालडा, सगळं. मले पाठ हाये."

झारा थांबला. समोर तीन गिऱ्हाइकं प्लेटची वाट पाहत होती. मोठेबाबांनी इतक्या वर्षांत यमुताईंना एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती, आणि मला त्यांच्या घशात एक तयार होताना दिसली.

"थे आता पुन्याले नाही राह्यत, माय," ते म्हणाले. नाक नाही, ठसका नाही. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता. "लांब गेली. परदेशात. धाकटा पोरगा घेऊन गेला तिले."

"धाकटा हाये का तिले?"

"हाये."

पलीकडे गोठ्यातली घंटी वाजली.

"बरं हाये मंग," यमुताई म्हणाल्या. "तिले तरी हाये कोनी."